बाबूभाईंनी पट गुंडाळला

चंद्रपूरच्या घुटकाळा वॉर्डात बाबूभाईंचं खरादीचं दुकान होतं. लाकडाचा तुकडा यंत्रावर गरगर फिरवायचा आणि पटाशी टेकवून त्याला गोलाई द्यायची, हे त्यांचं काम. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, देव्हाऱ्याचे खांब. देव्हाऱ्याचे खांब कातायला घेतले की ते चपला बाहेर काढून ठेवत. तसं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. समोरच माझं झेरॉक्सचं दुकान. त्यांच्या यंत्राचा भुसा दिवसभर माझ्या काचेवर येऊन बसायचा आणि मी तो पुसत राहायचो.

शुक्रवारी नमाज झाली की खराद बंद. मग गुणवंतराव यायचे. हे मूल तालुक्यातल्या धानशेतीवाल्या घरातले. शेती थोरल्या भावावर सोडून शहरात आले आणि जटपुरा गेटजवळ फर्निचरचं दुकान टाकलं. बाबूभाईंचे पलंग विकले जायचे ते त्यांच्याच दुकानातून. तशी ओळख झाली, आणि पुढे ओळखीवर बुद्धिबळाचा पट पसरला गेला. सोंगट्या बाबूभाईंनी स्वतः हळदूच्या लाकडातून कातलेल्या, त्यांवर लाखेचा लाल आणि काळा रंग. खेळ देशी नियमांचा. प्यादं एकच घर चालणार, आणि पलीकडच्या टोकाला पोचलं तर ज्या घरात पोचलं त्याच घराची सोंगटी होणार. घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा. वजीर व्हायचं तर वजिराच्याच घरात पोचावं लागे.

मला खेळ फारसा येत नव्हता, पण गिऱ्हाईक नसलं की मी जाऊन बसायचो. दोघांची खेळायची तऱ्हा वेगळी होती. गुणवंतराव मारामारीला तयार. घोडा देऊन घोडा घेतील, उंट देऊन उंट घेतील, पट रिकामा करून टाकतील आणि मग उरलेल्या चारदोन सोंगट्यांवर डाव काढतील. बाबूभाईंना एकही सोंगटी सोडवत नसे. एक प्यादं वाचवायला ते हत्ती मागे घ्यायचे. सगळं जागच्या जागी राहिलं पाहिजे असा त्यांचा खेळ, आणि त्यात ते बरेचदा अडकून पडायचे.

"बाबूभाई, सगळंच वाचवाले जासान त काईच नाई वाचत," गुणवंतराव म्हणायचे.

"मीच बनवली ना भाऊ ती," बाबूभाई हसून म्हणायचे. "माह्या हातून नाई मरत."

धंदाही ते तसाच करत. सागवान महाग झालं तरी दुसरं लाकूड लावलं नाही. जुनी गिऱ्हाइकं, जुने नमुने, पायावरच्या त्याच तीन कड्या. अब्बांनी शिकवलं तसं.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा काळ असेल. लोखंडी पलंग आले, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. त्या पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी गुणवंतराव आले. डाव अर्ध्यावर आला तेव्हा पटावरची नजर न काढता म्हणाले, "दिवाळीपासून मी लाकडी पलंग ठेवणं बंद करून राह्यलो."

बाबूभाईंचा हात घोड्यावर होता.

"गिऱ्हाईक येते, सागाच्या पायावरून हात फिरवते, वा वा म्हणते, आन् लोखंडी घेऊन जाते," गुणवंतराव म्हणाले. "मी काय करू, सांगा. दुकान बंद करू?"

बाबूभाईंनी घोडा उचलून अडीच घरं पुढे ठेवला. "तुमची चाल," एवढंच बोलले.

डाव पुरा झाला. चहा झाला. नेहमीसारखे गुणवंतराव स्कूटरवरून गेले. मला वाटलं होतं की आता येणं बंद होईल, पण पुढच्या शुक्रवारी ते आलेच, आणि बाबूभाईंनी पट मांडलाच.

त्यानंतरची दोन वर्षं बाबूभाई बसून होते. दुकान उघडायचे, यंत्राला तेल द्यायचे, दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघायचे. महिन्याकाठी एखादा पाळणा, कुणाच्या मोडक्या पलंगाचा पाय. माझ्या काचेवर भुसा बसेनासा झाला. मी विचारलं तर म्हणत, "दिवस बदलतात. थांबून पाहू." त्यांची नाजिया तेव्हा बारावीला होती, हुशार होती, आणि तिला डी.एड. करायचं होतं.

एका दुपारी त्यांच्या बायको, कनीजभाभी, डबा घेऊन आल्या. मी तिथेच होतो. भाभी कमी बोलणाऱ्या. घरात लोकांचे कपडे शिवायच्या, त्यावर चूल चालत होती. डबा ठेवून त्या उभ्याच राहिल्या.

"तुमच्या खेळात माणसाला थांबता येते का?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे?"

"तुमची चाल आली, आन् कोणतीबी खेळली तरी नुकसानच आहे. मंग चाल नाई खेळली तर चालते?"

बाबूभाईंनी डबा जवळ ओढला. "नाई," ते म्हणाले. "खेळाच लागते."

"मंग?" भाभी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्याच आठवड्यात बाबूभाई गुणवंतरावांच्या दुकानात कामाला लागले. गुणवंतरावांनी आधी दोनदा तीनदा कामाला या म्हणून विचारलं होतंच. लोखंडी पलंग गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन जोडायचे, कपाटांची दारं बसवायची, कुठे रंग उडाला असेल तर फवारा मारायचा. खराद भंगारात गेली नाही, जिवतीच्या एका सुतारानं नेली, एवढंच समाधान. यंत्र टेम्पोत चढवताना बाबूभाई आतल्या खोलीत चहा करत बसले होते.

दुकानात गुणवंतराव त्यांच्याशी चांगलंच वागले. कधी आवाज चढवला नाही. पण दुकान म्हटलं की मालक असतो. "बाबूभाई, ते कपाट सरकवा." "बाबूभाई, बाई केव्हाच्या थांबून राह्यल्या, जरा लवकर." बाबूभाई "जी" म्हणायचे. पूर्वी कधी ते गुणवंतरावांना जी म्हणत नव्हते. भाऊ म्हणायचे.

शुक्रवारचा डाव आता दुकानाच्या मागच्या खोलीत, शटर अर्धं ओढून होऊ लागला. मी कधीमधी जायचो. आणि माझ्यासारख्या अर्धवट माणसालाही एक गोष्ट दिसायला लागली. बाबूभाई हरत होते. पूर्वीसारखे अडकून नाही, सरळ सरळ. समोर उघडा पडलेला उंट ते घेत नव्हते. गुणवंतरावांचा वजीर हत्तीच्या रांगेत आलेला असायचा आणि बाबूभाई कोपऱ्यातलं प्यादं सरकवायचे.

एकदा गुणवंतरावांनी मुद्दामच वजीर मोकळा ठेवला. बाबूभाईंनी तो पाहिला. मी त्यांचे डोळे पाहिले, त्यांनी नक्की पाहिला होता. हात हत्तीपर्यंत गेला आणि वळून प्याद्यावर आला.

गुणवंतरावांनी पट उधळला नाही. त्यांनी फक्त चष्मा काढला.

"काऊन नाई घेतला?"

"दिसला नाई."

"खोटं नका बोलू बाबूभाई. मी दुकानात तुमचा मालक आहो, इथी नाई."

बाबूभाई सोंगट्या गोळा करू लागले. एकेक, सावकाश, डब्यात. मग बोलले, "दिवसभर जी म्हणतो भाऊ. मंग पटावर हात नाई वळत. मी लय कोशिश केली. वजीर घ्याले गेलो का मनात येते, उद्या सकाळी हे काय म्हणतीन."

"मी काय म्हणीन? काईच नाई म्हणणार."

"तुम्ही नाई म्हणणार. माह्या मनात येते, त्याले मी काय करू?"

गुणवंतराव म्हणाले, "मंग नोकरी सोडा. पण असा खेळू नका माह्यासंग."

हे रागात बोलले गेले. बोलल्यावर त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण ते उठून शटरपाशी जाऊन उभे राहिले. नाजियाच्या डी.एड.चं पहिलं वर्ष चालू होतं, हे त्यांना माहीत होतं. बाबूभाईंनी पट गुंडाळला, सुतळीनं बांधला.

"नोकरी राहू द्या," ते म्हणाले. "खेळ सोडतो."

आणि सोडला. त्यानंतर शुक्रवारी नमाज झाली की ते दुकानात परतून थेट कामाला लागायचे. दोघं एकाच छपराखाली, सकाळपासून रात्रीपर्यंत. बोलणं व्हायचं ते पान्याचं, स्क्रूचं, टेम्पोचं. भांडण नव्हतं. गुणवंतरावांच्या घरी लग्न झालं तेव्हा बाबूभाई मांडवात राबले. बाबूभाईंना कावीळ झाली तेव्हा गुणवंतराव दवाखान्यात बसून राहिले. पण शुक्रवारचं रिकामपण दोघांच्या चेहऱ्यावर दिसायचं, आणि दोघंही लवकर म्हातारे झाले, असं मला वाटतं.

नाजिया शिक्षणसेवक म्हणून लागली ती सिरोंचाजवळच्या एका गावात. चंद्रपूरहून आलापल्लीमार्गे एसटीनं जायचं तर अख्खा दिवस जातो. एकटीनं पोरीनं कसं राहायचं म्हणून भाभी आणि बाबूभाई दोघंही निघाले. दुकानातल्या शेवटच्या दिवशी बाबूभाईंनी पाने-पेचकस पुसून जागेवर लावले. गुणवंतराव गल्ल्यावर होते. मी निरोप द्यायला गेलो होतो.

"आता मी तुमचा नोकर नाई," बाबूभाई म्हणाले. "बसता का?"

गुणवंतरावांनी मुलाला गल्ल्यावर बसवलं. पण मागच्या खोलीत आता गाद्यांचे गठ्ठे होते, बसायला जागा नव्हती. मग दोघं फुटपाथवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसले. पट मांडलाच नाही. डाव कसे असायचे, कोण कसं अडकायचं, ते आठवत बसले, तेही थोडा वेळ. मग गुणवंतरावांना डुलकी लागली. बाबूभाई तसेच शेजारी बसून राहिले आणि ऊन अंगावर आल्यावर उठले.

दोन हजार आठच्या सुमाराला मी एका कामाने सिरोंचाला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे उतरलो. गोदावरीपासून जवळच भाड्याचं घर, ओसरीवर मासळीचा वास, आजूबाजूला सगळी तेलुगू बोलणारी माणसं. बाबूभाईंना चार शब्द यायला लागले होते. केस पार पिकलेले.

मी विचारलं, "बाबूभाई, इतकी वर्षं बुद्धिबळ खेळले. काय शिकले त्यातून?"

"सगळं वाचवता येत नाई, हे भाऊ सांगत होते. ते मले उशिरा समजलं." मग म्हणाले, "पण काय द्यावं आन् काय ठेवावं, हे खेळ नाई सांगत. मी दोस्ती देऊन नोकरी ठेवली. पोरगी शिकली. बरोबर झालं का चुकलं, ते अजूनबी नाई समजलं."

"भाऊंचा फोन येतो?"

"येते. दोघंबी काई बोलत नाई. तब्येत विचारतो." ते किंचित हसले. "थकलो यार आम्ही."

तेवढ्यात नाजिया शाळेतून आली. सायकल भिंतीला लावून, पदरानं तोंड पुसत तिनं मला सलाम केला. बाबूभाई गुडघ्यावर हात टेकून हळूच उठले आणि चहा ठेवायला आत गेले.