कारखान्यातली कापडाची नदी

डेट्रॉइटच्या विमानतळावर माझी मुलगी अनघा हाताला रंगाचे डाग तसेच ठेवून मला घ्यायला आली होती.

"आई, घरी नंतर जाऊ. आधी सेटवर. चॅनलच्या बाई आज बघायला येतायत. त्यांना पटलं नाही तर सगळं कॅन्सल."

ब्राझीलमधली एक जुनी, नावाजलेली कादंबरी ती टीव्हीसाठी करत होती, तीही मूळ पोर्तुगीज भाषेत. फोनवर मी नुसतीच हो हो म्हणत आले होते.

जवळच्या ट्रॉय गावापर्यंतचा रस्ता सपाट होता. कडेला मळकट बर्फ साचलेला, झाडांना एक पान नाही. शूटिंग एका बंद पडलेल्या कारखान्यात होतं. कॉफीचे मळे, जमीनदाराचं घर असं काही दिसेल या आशेनं मी आत शिरले, तर जमिनीवर खडूनं आखलेल्या खोल्या! मधोमध निळं कापड पसरलेलं. मी त्यावरून सरळ चालत गेले आणि सगळे ओरडले. मी नदीत उभी होते. बुटांचे ठसे पुसताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नायिकेचं काम करणाऱ्या लुझियानं हसून मला पाँव जि केजू (चीजचे छोटे, गोल पाव) दिले. गरम होते, म्हणून जिवात जीव आला.

चॅनलच्या बाई आल्या. "प्रेक्षकांना भिंती लागतात," म्हणाल्या.

"एक सीन बघा, मग ठरवा," अनघा म्हणाली. तिचा आवाज जराही कापला नाही.

चौघांनी कापड हळूहळू उचललं. पूर लुझियाच्या कमरेपर्यंत चढला. पलीकडून नायिकेचा नवरा हाका मारत होता. ती कंदील उंच धरून उभी राहिली आणि मग तिनं तो फुंकून विझवला.

बाई अचानक माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला पोर्तुगीज येतं?"

"नो."

"मग काय कळलं?"

अनघानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "शी इज वेटिंग. बट शी डझन्ट वॉन्ट हिम बॅक."

बाईंनी पुन्हा एकदा त्या निळ्या कापडाकडे पाहिलं. मग अनघाला म्हणाल्या, "भिंती नकोत. असंच कर."

लुझियानं अनघाला मिठीच मारली. माझी मुलगी मात्र डोळे पुसत पुढच्या सीनच्या तयारीला लागली.

नागपूरला परतले. पूर्वी कुणी विचारलं, "मुलगी काय करते?" की मी "टीव्हीत आहे" म्हणून विषय बदलायची. आता समोरच्याला बसवून घेते आणि पुरापासून सुरुवात करते.