भेस वेगळा, सोंग वेगळं

ड्रेपरीच्या दुकानात पंचवीस वर्षं चहा प्यायलात की किस्से जमवावे लागत नाहीत, डांबरगोळीच्या वासासारखे ते आपोआप अंगाला चिकटतात. मी लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. गॅदरिंगची नाटकं दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायची, म्हणून युसुफमामूंच्या दुकानात माझी कायमची बैठक. मामू मुकुट, कोट, वर्द्या भाड्यानं द्यायचे. त्यांच्या बायको, आमच्या खैरूनमामी, मागच्या खोलीत बसून दाढ्यामिशा तयार करायच्या.

मामूंचा एक नियम होता. कपडा काउंटरवर आला की त्याच्यावर हात ठेवून विचारायचे, "हे घातल्यावर आत कोण हाय, ते कोणाकोणाला ठाऊक राहील?"

पहिल्यांदा मला वाटलं, मामू चेष्टा करताहेत! मग त्यांनी समजावलं. "मास्तर, पोरगं मावळा झालं, तरी बघणाऱ्याला ठाऊक हाय की हा गणपत सुताराचा पोरगा. त्याला भेस म्हणायचं. बघणाऱ्याला ठाऊकच न्हाई, ते सोंग. मी भेस देतो. सोंग देत न्हाई."

घरी जाऊन शब्दकोश उघडला. त्यात दोन्ही शब्दांपुढे जवळपास एकच अर्थ! त्या दिवसापासून मी कोशापेक्षा मामूंवर जास्त विश्वास ठेवायला लागलो.

*

भोकरकडचा एक लग्नाळू गडी आला. स्थळ बघायला रीतसर जाण्याआधी मुलगी गुपचूप बघायची होती, त्यासाठी दाढी पाहिजे.

"कोणाकोणाला ठाऊक हाय?"

"कोणालाच न्हाई, मामू! तीच तर मजा हाय!"

"मग दाढीबी न्हाई."

पठ्ठ्यानं दुसरीकडून दाढी पैदा केली आणि कापसाचा व्यापारी म्हणून मुलीच्या घरी जाऊन बसला. भाव विचारला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. आता त्याचा फोटो त्या घरात आठवडाभर आधीच पोचला होता, हे तो साफ विसरला होता. मुलीची आजी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "जावईबापू, बशीत ओतून घ्या. कपात दाढी भिजंल!"

लग्न झालं. पत्रिका द्यायला तो स्वतः मामूंकडे आला होता.

*

देवणीच्या एका शाळेनं गॅदरिंगला बैलाचा भेस नेला. पुढे एक पोरगं, मागे एक पोरगं, वर मामूंनी शिवलेलं पांढरं-काळं कातडं. देवणीत बैल न्यायचा म्हणजे छातीच पाहिजे! तिथला माणूस लांबून पाठ बघून बैलाची कुंडली मांडतो.

नाटक संपल्यावर एक म्हातारा शेतकरी त्या बैलाभोवती दोन फेऱ्या मारून आला. लोक हसून लोळायला लागले, पण बाबा गंभीर. म्हणाला, "रंग बरोबर हाय. वशिंड बरोबर हाय. पण मागचे पाय पुढच्याचं ऐकत न्हाईत. न्हाई घेणार!"

मी हे मामूंना हसत हसत सांगितलं. मामू हसले नाहीत. बैल खाली काढला आणि पंधरा दिवस खपून त्याचं पोट पुन्हा शिवलं.

*

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं आणि गॅदरिंगं आटली. पोरांना नाटकाला वेळ कुठला? मुकुटांवर धूळ बसली. अशात एक क्लासवाले सर गाडीतून उतरले. त्यांना तीस पांढरे ॲप्रन पाहिजे होते आणि तीस स्टेथोस्कोप. नव्या बॅचचा फोटो काढून चौकात मोठ्ठा बोर्ड लावायचा होता.

मामूंनी ॲप्रनवर हात ठेवला. "बोर्ड बघणाऱ्याला ठाऊक राहील का, हे अजून डॉक्टर झाले न्हाईत?"

"अहो मामू, ॲडव्हर्टाइजमेंट आहे ती! पोरं उद्याचे डॉक्टर आहेत!"

"मग झाल्यावर या. तवा फुकट देतो."

सर तणतणत गेले. आतून मामी ओरडल्या, "आता काय दाढ्या शिजवून खायच्या का?" महिनाभर दुकानाची पायरी कोणी चढलं नव्हतं हो! मला मामूंचा त्या दिवशी धाकच वाटला.

*

आयुष्यात एकदाच मामूंनी नियम मोडला. तो या सगळ्याच्या आधी, भूकंपाच्या दिवसांत.

किल्लारीकडून जखमी येत होते, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई दुकानात आली. केसांत अजून माती होती. नवरा एसटीत कंडक्टर, भिंतीखाली गेलेला. सासू दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हातारीला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिचं एकच चाललं होतं, "पोराला आणा. त्याच्या हातानंच खाईन." दोन दिवस पोटात अन्न नव्हतं, डॉक्टरांनी आशा सोडत आणली होती. घरातल्या वर्द्या मातीखाली गेलेल्या. बाईला खाकी कपडे हवे होते, तिचा चुलतभाऊ घालणार होता.

मामींनी तिच्यापुढे भाताची ताटली ठेवली. तिनं ती बाजूला सारली. "आत्याबाई जेवल्याबिगर घास उतरत न्हाई."

मामूंनी वर्दीवर हात ठेवून विचारलं. बाई म्हणाली, "आत्याबाई सोडून सगळ्यांना ठाऊक राहील."

मामूंनी बराच वेळ हात उचलला नाही. मामी आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. मग मामू म्हणाले, "दुसऱ्याच्या अंगावर सोंग चढवणार न्हाई मी. ही मीच घालतो."

मी पाण्याचा तांब्या घेऊन बरोबर गेलो. मामू भाकरी घेऊन खाटेवर बसले. बोलायचं नाही असं ठरलं होतं. म्हातारीनं बाही चाचपली, बटणं चाचपली, कॉलरवरून बोटं फिरवली आणि तोंड उघडलं. एक घास, दुसरा, तिसरा. अर्धी भाकरी गेली! सून पदर तोंडात धरून बघत होती. मग दाराशी जाऊन बसली आणि उरलेली अर्धी तिनं खाल्ली.

मामू उठले, तशी म्हातारीनं त्यांची बाही धरून त्यांना खाली ओढलं. सुनेला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली,

"बाबा, तू कोणाचा लेक हायस मला ठाऊक न्हाई. पण उद्याबी ये. तू आलास की माझी सून जेवती."