क्रशरवरचा गूळ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की पहिल्या संध्याकाळी माझं आणि थोरल्या भावाचं भांडण ठरलेलं. पूर्वी विषय तरी बदलायचे. हल्ली एकच असतो, त्याचा खोकला. यंदा तर मी चपलाही काढल्या नव्हत्या, आणि ओट्यावर बसलेल्या त्याला विचारलं, "भाऊ, फोटोले गया व्हता का?"

फोटो म्हणजे छातीचा एक्स-रे. धुळ्याच्या डॉक्टरांनी तो दिवाळीच्या आधीच काढायला सांगितला होता. भावानं वहिनीला चहा टाकायला सांगितला.

सोनगीरच्या अलीकडे, हायवेपासून आत आमचं गाव. गावामागच्या टेकडीत खडीची खदान होती. मिसरूड फुटायच्या आधी भाऊ तिथे कामाला लागला आणि खदान बंद पडेपर्यंत क्रशरवरच राहिला. दगड फोडून खडी करणारं ते यंत्र दिवसभर गिरणीसारखी भुकटी उडवायचं. घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा राखाडी झालेल्या असायच्या. मुकादम रोज प्रत्येकाला गुळाचा एक खडा द्यायचा. गूळ खाल्ला की छातीतली धूळ पोटात उतरते, असं क्रशरवरचा प्रत्येक माणूस मानायचा. आई मानायची, मीही मानायचे. भाऊ त्यातला अर्धा खडा रुमालाच्या टोकाला बांधून माझ्यासाठी आणायचा. दाताखाली बारीक कच करकर वाजायची, तरी मला तो घरातल्या गुळापेक्षा गोड लागायचा.

खदान बंद होऊन बरीच वर्षं झाली. भावाच्या खिशात गूळ मात्र अजून असतो. उबळ आली की खडा तोंडात टाकतो आणि सगळी धूळ उतरते, असं वर मलाच शहाणपण शिकवतो.

"बठ्ठी धूळ गूळसंगे उतरी जास. माले काय व्हयेल शे?"

"मंग रातले भिंतले टेकीसन कसाले झोपस?"

तो आडवा न होता भिंतीला टेकून झोपतो, हे मला वहिनीनं सांगितलं होतं. भावानं तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून आत गेली. मग तो माझ्यावर घसरला. खदानीच्या टेकडीवर आता झाडी वाढली आहे. डंपरच्या जुन्या रस्त्यावर लोकांना फिरायला पायवाट केली आहे, जागोजागी झाडांची माहिती देणाऱ्या पाट्या आहेत आणि वर, खदानीच्या कडेला, कठडा आणि बाक. धडधाकट माणूस अर्ध्या तासात जाऊन येतो.

"सकायमा चाल मनासंगे," भाऊ म्हणाला. "कठडापावत बठा बिगर गऊ, ते फोटोनं नाव काढानं नही."

तो कुठेही न बसता कठड्यापर्यंत पोचला तर मी फोटोचा विषय सोडायचा, अशी पैज मी घेतली. तो हरणार याची मला खात्री होती, आणि त्या खात्रीनंच मला रात्री झोप लागली नाही.

सकाळी ऊन तापायच्या आत निघालो. अंजनांना तांबूस पालवी फुटली होती. एकेकाळी या टेकडीवर हिरवं पान दिसायचं नाही, जे असायचं तेही धुळीनं माखलेलं. भाऊ माझ्या पुढे, हात मागे बांधून, पाहुण्याला शेत दाखवायला निघाल्यासारखा चालत होता. पहिली पाटी अंजनाची होती. तो तिच्यासमोर थांबला आणि वाचू लागला. घरी आलेली लग्नपत्रिकाही वहिनीकडून वाचून घेणारा माणूस हा! पुढे सलईची पाटी आली, तिथेही थांबला.

"भाऊ, तुले कव्हयपशी वाचानी गोडी लागनी?"

"वाचू दे ना. घाई... काय शे तुले?"

एवढ्याशा वाक्याला त्याला मध्ये श्वास घ्यावा लागला. मी हसत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि माझं हसू तिथेच राहिलं. त्याचे डोळे पहिल्याच ओळीवर होते. गळ्याजवळचा खळगा आत-बाहेर होत होता. तो वाचत नव्हता, दम खात होता.

मला त्याचा राग आला. मग इतका वेळ गंमत बघत चालले म्हणून स्वतःचाच आला. मग नुसतं रडू यायला लागलं. पुढच्या पाटीपाशी मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, शाळेत धडा वाचावा तशी, शब्द सुटा सुटा करून. हिवराच्या पाटीवर चारच ओळी होत्या. त्या मी दोनदा वाचल्या आणि वर हिवराच्या काट्यांबद्दल मनाचंच काहीतरी घातलं. भाऊ मान डोलवत राहिला. मी त्याला पैज जिंकायला मदत करत होते, हे मला कळत होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटच्या चढावर एकही पाटी नव्हती. तो खाली मान घालून चढू लागला. बस रे बाबा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. तो बसला असता तर मी जिंकले असते, आणि मला तसं जिंकायचं नव्हतं. मी मागून चढत राहिले.

तो न बसता पोचला. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. खाली खदानीच्या तळाशी हिरवट पाणी साचलं होतं, आणि त्याच्या काठावर क्रशरचा चौथरा अजून तसाच होता. मग त्याला खोकला आला. खदानीतली कबुतरं उडाली, पुन्हा येऊन बसली, तरी खोकला चालूच होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सदऱ्याखाली बरगड्या हाताला लागत होत्या.

"जिकनू ना मी?" आवाज फुटल्यावर त्यानं विचारलं.

"जिकना."

सवयीनं त्याचा हात खिशात गेला. कागदात बांधलेला गूळ त्यानं सोडला, जरा वेळ बघितला आणि पुढे केला. पूर्वीसारखा अर्धा नाही, अख्खा खडा माझ्या हातावर ठेवला.

"तूच खाय. आते धूळ उतरत नही," असं म्हणून त्यानं छातीवर हात ठेवला. "बठ्ठी आठेच शे."

मग तो बाकावर बसला. दिवाळीपासून मी हेच त्याच्या तोंडून ऐकायला टपले होते. गूळ मुठीत धरून मी त्याच्या शेजारी बसले. उद्या धुळ्याला किती वाजता निघायचं, हे त्यानंच विचारलं.