रुखवतातली पंगत

मुलुंडला आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात माझी बायको सुपारीची माणसं करीत असे. सुपारीचं डोकं, भेंडाचं अंग, कापसाच्या वातीचे हात आणि वर जुन्या रेशमी चिंध्यांची धोतरं-लुगडी. शेजारपाजारच्या लग्नांतल्या रुखवतांसाठी हे काम असायचं. तुळशीवृंदावन, सप्तपदी, पाळणा हे सगळं ती करायचीच, पण तिचा हात खरा दिसायचा तो पंगतीत. लांब फळीवर माणसं जेवायला बसलेली, पुढ्यात हिरव्या कागदाची केळीची पानं, पानांवर मेणाचा भात. त्यांतला एक जण हटकून असा, की त्याने पानावर हात आडवा धरलेला आहे आणि वाढपी त्या हातावरूनच वाढू पाहतो आहे. हा माणूस तिने कुठे पाहिला होता, ते मी कधी विचारलं नाही.

बायका दुपारी येत, पुरुषमंडळी कचेरीत असताना. हळू आवाजात ठरवून जात. वस्तू न्यायच्या त्या दिवेलागणीनंतर, परातीवर पंचा झाकून. कारण रुखवतात मांडलेलं सगळं नवरीने स्वतःच्या हाताने केलेलं, असंच सांगायची रीत होती. सगळ्यांना सगळं माहीत असे, पण बोलत कोणी नसे. माझ्या बायकोचा व्यवसाय या न बोलण्यावर उभा होता. हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, पण पटत नव्हतं.

मी फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून होतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी कंपनीच्या जाहिरातींचं काम बघायचा. डबा खाताना मी त्याला हे सांगितलं, तर तो हसायलाच लागला.

"अरे, काडेपेटीवरसुद्धा छाप असतो. तुझी बायको एवढी कलाकार आणि माल काय चोरीचा असल्यासारखा झाकून नेतात? वाट लागेल अशाने. नाव दिसलं पाहिजे, नाव!"

ते माझ्या डोक्यात बसलं. आधी मी एक पाटी रंगवून घेतली. नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, शेवटी 'गृह' असलेलं. ती खिडकीत लावली. संध्याकाळी घरी आलो तर पाटी कॉटखाली.

"अहो, ही पाटी असली तर बायका दारातून आत कशा येतील?" ती म्हणाली. "समोरच्या गॅलरीतून दिसतं सगळं."

"दिसू दे की. त्यात लाजायचं काय?"

"मला नाही लाज. त्यांना आहे ना! आपल्या कामाला नाव नाही चालत."

मी याचा अर्थ, ती भिडस्त आहे, एवढाच लावला. तिच्यासाठी आपणच पुढे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटलं. निदान तेव्हा तरी मी ते मनापासून मानत होतो. आज तितकी खात्री देता येत नाही.

स्टेशनजवळच्या एका छापखान्यातून मी लहान लेबलं छापून आणली. लाल शाई, कोपऱ्यात कलश, मध्ये गृहाचं नाव, खाली 'व्यवस्थापक' आणि माझं पूर्ण नाव, त्याखाली पत्ता. तिचं नाव घालायचं मला सुचलंही नव्हतं. नाव घालायचं म्हणजे ते पुरुषाचं, इतकं ते उघड होतं.

पुढच्या गल्लीतल्या एका मुलीचं वैशाखात लग्न होतं, स्थळ घाटकोपरचं. तिच्या आईने पंगत, सप्तपदी आणि पाळणा सांगितला होता. लोकरीचं तोरण मात्र मुलगी स्वतः करीत होती. वस्तू तयार होऊन फडताळावर ठेवल्या होत्या. बायको विहिरीवर गेलेली पाहून मी त्या आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या एका घरच्याही प्रत्येक वस्तूच्या बुडाला एकेक लेबल डिंकाने चिकटवलं. बुडाला चिकटवलं की वरून काही दिसणार नाही, ज्याला हवा असेल त्याला पत्ता मिळेल, असा माझा हिशेब होता. कशिदा काढलेला रुमाल हातात आला की बायका आधी तो उलटा करतात, मागच्या गाठी बघतात, आणि मगच चांगलं-वाईट ठरवतात, हे मला माहीत नव्हतं. घरात आई होती, बहिणी होत्या, तरी माहीत नव्हतं.

लग्न मुलुंडलाच होतं, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. अक्षता पडल्यावर वरपक्षाच्या बायकांना रुखवत दाखवायला नेलं. मी कनातीच्या अलीकडे सरबताचा पेला घेऊन उभा होतो. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं आणि कनातीच्या फटीतून थोडं दिसतही होतं.

"सगळं हिनेच केलं हं," मुलीची आई म्हणाली.

पंगतीचं कौतुक झालं. पानावर हात धरलेल्या माणसाला सगळ्या हसल्या. मग नवऱ्यामुलाची मावशी म्हणाली, "बघू तरी, खालून कसं बसवलंय." तिने फळी उचलून तिरपी केली आणि मोठ्याने वाचू लागली. गृहाचं नाव. मग माझं नाव, आडनावासकट.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. भरमांडवात आपलं नाव कोणीतरी वाचतंय, हे कानावर पडलं तेव्हा मला आधी आनंद झाला. तो फार टिकला नाही, पण झाला.

"विहीणबाई," मावशी म्हणाली, "तुमची लेक व्यवस्थापक आहे, हे नव्हतं सांगितलंत!"

"मिशासुद्धा असतील गं, पदराखाली बघ," दुसरी कोणीतरी म्हणाली. हशा पिकला.

मुलाची आई हसली नाही. "असू दे," ती म्हणाली. "विकतचं का होईना, मांडलंय तर खरं."

नवरी तिथेच उभी होती. मावशीने पाळणा उलटा करून पाहिला, सप्तपदी पाहिली. मग वर बांधलेल्या लोकरीच्या तोरणाकडे हात नेला आणि त्याचीही मागची बाजू फिरवून पाहिली. "याचं लेबल पडलं वाटतं," ती म्हणाली.

"ते मी केलंय," मुलगी म्हणाली. मावशी तोरण सोडून पुढे सरकली.

माझी बायको हळदीकुंकवाचं तबक घेऊन कोपऱ्यात उभी होती. मुलीच्या आईने तिच्याकडे एकदा पाहिलं. आम्ही पानावर बसलो, जेवलो आणि घरी आलो.

घरी आल्यावर तिने लुगडं बदललं, फडताळातून दुसऱ्या एका घरच्या तयार वस्तू काढल्या आणि ओल्या फडक्याने त्यांच्या बुडाची लेबलं सोडवायला बसली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "राहू दे. तुम्ही जोरात ओढाल."

बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "मी तुझ्यासाठीच केलं गं."

"माझं नाव कुठे होतं त्यावर?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरोखरच माहिती हवी असावी, तसं विचारलं.  

त्यानंतर बायका यायच्या बंद झाल्या. ठरलेल्या दोन घरांनीही काम काढून घेतलं, एकाने आजारपणाचं कारण सांगून, दुसऱ्याने काहीच न सांगता. सुपाऱ्यांचा डबा माळ्यावर गेला. दुपारी ती आता काय करते, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. लेबलांचा उरलेला गठ्ठा मी कचेरीत नेऊन टेबलाच्या खणात ठेवला. सहकाऱ्याने धंद्याची चौकशी केली तेव्हा "झकास चाललाय" म्हणून सांगितलं.

श्रावणात ती मुलगी माहेरी आली. एका दुपारी आमच्या दाराशी उभी राहिली. मी ताप आल्यामुळे घरी होतो. मला पाहून तिने मान खाली घातली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

"काकू, मला पंगत शिकवा," ती म्हणाली. "मंगळागौरीच्या आराशीला करायचीय. तिकडे, सगळ्यांच्या समोर बसून."

"तोरणाचं काय झालं?"

"दाराला लावलंय. पण सासूबाई अजून येता-जाता मागून बघतात."

 आत दोघी एकदम हसल्या. मी बाहेरच्या खोलीत पडून होतो. मला हसू आलं नाही आणि येणं बरंही दिसलं नसतं. माळ्यावरचा डबा खाली आल्याचा आवाज ऐकू आला.

माहेरी होती तोवर ती रोज येत राहिली. भेंड कसं चिरायचं, डोळे काढताना काडी कशी धरायची, हे आतून माझ्या कानावर पडत असे. एकदा तिने विचारलं, "आणि तो हात आडवा धरणारा?"

"तो नको करूस," माझी बायको म्हणाली. "तो माझा आहे. तू तुझं कुणीतरी शोध."

मुलीने तिच्या पंगतीत तूप वाढणारी एक ठेंगणी-ठुसकी आजी बसवली, असं नंतर कळलं. मंगळागौरीला घाटकोपरला काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. पण दिवाळीनंतर बायका पुन्हा दुपारच्या येऊ लागल्या. रविवारी कोणी यायचं असलं की बायको मला म्हणे, "जरा फिरून या." मी मिठागरांच्या बाजूला चालत जाई आणि अंधार पडल्यावर परते. कुणाच्या घरचं काम चाललंय हे तिने मला त्यानंतर कधीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी बोरिवलीला माझ्या दूरच्या नात्यातलं लग्न होतं. मुलीकडचे लोक आमच्या फारसे ओळखीचे नव्हते. आम्ही दोघं रुखवतापाशी आलो. मधोमध पंगत मांडलेली होती. चौथ्या की पाचव्या पानावर एकाने हात आडवा धरला होता.

शेजारी मुलीची आजी उभी होती. "सगळं नातीनेच केलंय," ती मला म्हणाली. "कसं वाटलं?"

माझी बायको माझ्या बाजूलाच होती. ती पाळण्याकडे बघत होती.

"छान आहे," मी म्हणालो. "मुलीचा हात फार चांगला आहे."

आजी खूश झाली. बायकोने पदर सारखा केला.

"चला," ती म्हणाली, "पानं मांडलीत."