मायची ओळख

माझ्या मायच्या तोंडाला एकोडीत कोणी लागत नाही. धानाच्या रोवणीच्या वेळी ती बांधावरून ओरडली की पल्याडच्या बांधीतल्या बायाही कंबर सरळ करून बघतात. म्हणून विद्यापीठात आमच्या इकडच्या झाडीबोलीचे उच्चार नोंदवायचं काम आलं तेव्हा मी छाती फुगवून सरांना सांगितलं, दुसरं कोणी शोधूच नका, माझी माय आहे.

सर रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन घरी आले. मी पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या. सरांनी मायला आधी ओळख सांगायला लावली. धुतलेलं लुगडं सावरत ती म्हणाली, "मी एकोडी गावची शेतकरी महिला आहे." मग यादीतले शब्द. आमच्याकडे डोळ्याला डोरा, पाण्याला पानी. पण ही बाई जीभ वळवून वळवून तहसीलमधल्या बाबूसारखं 'डोळा', 'पाणी' म्हणत होती! मी इशारे करून थकले.

सर चहा घेऊन अंगणात गेले तशी मी तिच्यावर तडकले. घरात दिवसभर तोंडाचा पट्टा चालतो, मग आजच काय झालं? हे उच्चार तुझ्या वयाच्या चार-दोन बायांच्याच तोंडी उरलेत, तुमच्यासंगंच जातील, हेही सुनावलं.

माय खाली बघत म्हणाली, "तूच त म्हनली होती, माह्या लोकायसमोर बोलू नोको."

मोहाडीला वसतिगृहात होते तेव्हा ती मला भेटायला आली होती. मैत्रिणी तिच्या बोलण्यावर हसल्या आणि मी तिला फाटकाबाहेर नेऊन तेच बोलले होते. मी विसरूनही गेले. तिनं मात्र इतकी वर्षं पाळलं. माझ्या पदवीच्या दिवशी, माझ्या लग्नात ती गप्प बसलेली, अन् मला वाटायचं, माय चार लोकांत बुजते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलं माय, एवढंच म्हणता आलं.

"मंग आता रडून काहून राहिली? बोलाव तुह्या सरले."

ती अशी खणखणीत बोलली की सरांना मशीनचा आवाज कमी करावा लागला. डोरा, पानी, सगळं आपल्या तोंडचं. आज मी ही नोंद कुठंही ऐकवते, तेव्हा शब्दांच्या यादीपासून लावत नाही. त्याआधीपासून लावते. सर पुन्हा ओळख विचारतात आणि माय सांगते,

"मी इची माय आहो."