एका वर्षाचं गाव

रोझेला प्रिबनं पस्तीस वर्षांच्या संसारात नऊ गावं पाहिली. नवरा एल्डन शाळांचा सुपरिंटेंडंट. गावातल्या शाळांचा कारभार त्याच्या हाती, आणि त्याची नोकरी गावानं निवडून दिलेल्या शाळा बोर्डाच्या हाती. कायद्यानं करार तीन वर्षांपर्यंतचा. तीन वर्षं झाली की बोर्डाला कंटाळा यायचा, नाहीतर फुटबॉलचा संघ हरायचा, आणि हे निघाले पुढच्या गावाला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. राहतं घरसुद्धा शाळेचंच. नोकरी गेली की किल्ली परत.

स्वतःसाठी रोझेलानं कधी कुरकुर केली नाही. तिचा जीव तुटायचा तो मॅरिटसाठी. मॅरिट एकुलती एक लेक, वयानं एकतीस आणि समजुतीनं सात-आठ. एका गावचे रस्ते पाठ व्हायला तिला दोन वर्षं लागत. पहिल्या वर्षी ती हरवायची, रडायची, अंथरूण ओलं करायची. दुसऱ्या वर्षी आईचा हात धरून शिकायची. तिसऱ्या वर्षी कुठे एकटी जाऊन दूध आणायला लागली की बोर्डाचं मतदान यायचं.

सीडर क्रॉसिंगला मात्र नवल घडलं. करार वाढत वाढत नऊ वर्षं झाली. मॅरिट शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. त्या मुलखात शाळेत चिलीबरोबर, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याबरोबर, दालचिनीचे गोड रोल वाढतात. ते वळायचे मॅरिटनंच. पोरं तिला नावानं हाका मारत. सकाळी ती एकटी निघे, वाटेत बँकेतल्या बाईशी, पोस्टमनशी बोलून वेळेवर पोचे. रोझेला खिडकीतून बघत राही आणि मनाशी म्हणे, आता दृष्ट नको लागायला.

मग एल्डननं खरं बोलायची चूक केली. वरच्या वर्गांत पोरंच उरली नव्हती. त्यानं भर सभेत सांगितलं, हायस्कूल शेजारच्या हार्लो गावाच्या हायस्कूलशी जोडू या. हार्लोशी! ज्यांच्याशी फुटबॉलवरून आजोबांपासूनचं वैर! पण कुणी भांडलं नाही. तिकडे भांडत नाहीत. नुसते म्हणतात, "बरं, बघू या." आणि त्यांनी 'बघू या' म्हटलं की समजावं, तुमच्याकडे बघून झालं.

एल्डनला कळलं नाही. पोथ्या वाचलेल्या माणसाला माणसं वाचता येतीलच असं नाही. "लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं," तो घरी येऊन कौतुकानं म्हणाला.

मार्चमधल्या एका शनिवारी दारावर थाप पडली. औषधांच्या दुकानातली बाई, हातात कॅसरोलचं, भट्टीत भाजलेल्या बटाटा-चीजचं, झाकलेलं भांडं. "सहज, जास्तीचं झालं होतं." तासाभरात दुसरी आली, नूडल्स घेऊन. मग तिसरी.

"बघ," एल्डन बोटं चाटत म्हणाला, "किती माया आहे गावाला आपली!"

रोझेला भांडी ओट्यावर मांडत राहिली. मॅरिट स्वयंपाकघरात आली, तिनं ओट्यावरची भांडी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, कोण मेलं?"

त्या गावात झाकलेली भांडी जातात ती मयताच्या घरी. नऊ वर्षांत मॅरिट एवढं शिकली होती.

संध्याकाळी आयलीन वोझाब आली. रोझेलाची साऱ्या आयुष्यात झालेली एकच मैत्रीण. तिचा नवरा डेल बोर्डाचा अध्यक्ष. तिच्याही हातात भांडं होतं.

"तूसुद्धा?" रोझेला म्हणाली.

"अगं, रिकाम्या हातानं कशी येऊ?"

"डेल कुणाच्या बाजूनं?"

आयलीननं भांडं खाली ठेवलं, तरी हात तसेच धरून उभी राहिली. "त्याला गावात धान्याचा धंदा करायचाय, रोझी. मी चार दिवस त्याला वाढलं नाही. नुसतं ताट आपटलं. काय उपयोग?"

सोमवारी एल्डनचा करार न वाढवण्यावर मतदान झालं. डेलनंही हात वर केला. एल्डन घरी आला आणि कोट न काढता खुर्चीत बसून राहिला. त्या माणसाची रोझेलाला इतकी कीव आली की रागवायचं राहूनच गेलं.

त्याच हिवाळ्यात राजधानीत आमदारांनी कायदा बदलला होता. कुठल्याशा शहराच्या बोर्डानं आपल्या सुपरिंटेंडंटचा लांबलचक करार मोडताना त्याला गडगंज पैसा दिला, त्याचा हा राग. आता नव्या जागेवर पहिला करार एकाच वर्षाचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! एल्डनच्या पेन्शनला तीन वर्षं कमी होती. राज्याच्या पश्चिम टोकाला, सात तासांवर, एका गावानं त्याला घेतलं. एका वर्षासाठी.

"मॅरिट शिकेल हळूहळू," एल्डन म्हणाला.

"कधी शिकेल? रडायचं वर्ष संपेल तेव्हा आपण सामान बांधत असू! मग परत दुसरं गाव, परत रडणं. किती वेळा हरवायची रे ती?"

आयलीननं विचारलं तेव्हा तिची मान खाली होती. "वरची खोली रिकामी आहे आमची. तिथून शाळा दिसते. मला माहितीय, कुठल्या तोंडानं विचारतेय मी. हवं तर शिव्या दे."

ज्या हातानं घर मोडलं, त्याच्याच घरात लेक ठेवायची. रोझेला दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मॅरिटला विचारलं, नव्या गावाला येतेस की इथं राहतेस? मॅरिटनं खूप विचार केला. "मी गेले तर रोल कोण वळणार?" म्हणाली. आईनं मान डोलावली, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

निघायच्या दिवशी शाळेत मुलांसाठी सुट्टीतलं उन्हाळी जेवण होतं. मॅरिट केसांवर जाळी लावूनच वोझाबांच्या फाटकाशी आली. डेल घराबाहेर आलाच नाही.

"आई, तिथं तू हरवशील," मॅरिट म्हणाली.

"हरवेन गं."

"पहिल्या वर्षी सगळेच हरवतात. रडू येतं." मग तिनं आईचे दोन्ही गाल हातांत धरून नीट समजावलं, "घाबरायचं नाही. दुसऱ्या वर्षी येतं."

रोझेला "बरं" म्हणाली. दुसऱ्या वर्षाचा करार नव्हता, हे त्या लेकराला काय सांगायचं?

"मला उशीर होतोय," म्हणून मॅरिट वळली आणि शाळेच्या रस्त्यानं एकटी चालू लागली. एल्डननं गाडी सुरू केली. "थांब जरा," रोझेला म्हणाली. पोर बँकेवरून बरोबर डावीकडे वळली, दिसेनाशी झाली, तरी रोझेलाच्यानं 'चल' म्हणवेना.