सोमीबाईची भुरी

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. नवरा गेला, मुलगी आता स्वतः आजी झाली, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिला जाऊनही कितीतरी वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ कदाचित जमेल. बघते.

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणायचे. माझे यजमान जंगलखात्यात नाकेदार होते. त्यांची बदली वडशापासून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर असलेल्या एका गावात झाली. पंचवीस-तीस घरं — बहुतेक गोंडांची, थोडी धान लावणाऱ्या कुणब्यांची. मी वडशाची, रेल्वेच्या शिट्ट्या ऐकत वाढलेली. हे फिरतीवर गेले की चार-चार दिवस यायचे नाहीत. घरात मी, दोन वर्षांची सुमन आणि लाल्या.

लाल्या माझा कुत्रा. बाबांनी लग्नाच्या आदल्या वर्षी पिल्लू आणून दिलं होतं, ते माझ्याच गाडीत बसून सासरी आलं. माहेरचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच एक जिवंत होतं. मी त्याला दूधभात घालायची, दिवसा ओसरीच्या खांबाला साखळीनं बांधायची.

आणि भुरी — ती कोणाचीच नव्हती. गावात फिरणारी कुत्री, मागच्या एका पायानं लंगडी, अंगावर खरूज. शेजारच्या कुंपणापलीकडे सोमीबाई राहायची. चाळिशीची, एकटी गोंडीण. उरलेली आंबील ती एका फुटक्या मडक्यात भुरीसाठी ओतायची, म्हणून भुरी तिच्या कुंपणाशी पडून असायची. आमच्या अंगणात आली की मी खडा मारायची. लाल्याला खरूज लागेल ना!

सोमीबाई माझ्याशी फार चांगली वागायची. कोणती रानभाजी खायची, कोणती नाही, हे तिनंच मला शिकवलं. सुमनला ताप आला तर ती रात्रंदिवस उशाशी बसली. आणि मी? तिला पाणी द्यायचा माझा पेला वेगळा होता. सांगायलाच बसले आहे, तर हेही सांगून टाकते.

मोहफुलं पडायला लागली की कोल्हेही गावाजवळ येतात. त्यांनाही ती गोड फुलं आवडतात. कुत्री गावाच्या काठावर उभी राहून भुंकायची, कोल्हे पलीकडून ओरडायचे, आणि कोणी कोणाच्या हद्दीत जायचं नाही. दोघांचं ते जणू ठरलेलंच होतं. म्हणून त्या सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, गावाच्या रस्त्यानं सरळ चालत येणारा कोल्हा दिसला तेव्हा हे काही खरं नाही, हे मला लगेच कळलं. तो इकडेतिकडे बघत नव्हता. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती.

बाया मोहाला गेल्या होत्या, पुरुष खळ्यांकडे. मी सुमनला उचललं आणि दारात उभी राहिले. कोल्हा थेट लाल्यावर आला. साखळीमुळे लाल्याला कुठं जाता येईना. कोल्ह्यानं त्याचा कान धरला — फाडलाच. तेवढ्यात कुंपणाच्या भगदाडातून भुरी आली. त्या लंगड्या पायानं! तिनं मागून कोल्ह्याची मान धरली आणि झटके देत त्याला अंगणाबाहेर ओढत नेलं. त्याला तोंड वळवताच आलं नाही. मी पाच हातांवर होते. मला सगळं दिसत होतं — एकदाही, एकदाही त्याचा दात तिला लागला नाही.

मी ओरडले असेन, कारण माणसं काठ्या घेऊन धावत येताना दिसली. ती कोल्ह्यामागे लागली तेवढ्यात मी काय केलं? लाल्याची साखळी सोडली, त्याला आत नेलं, कान साबणानं धुतला आणि बाहेरून कडी लावली. आणि डोकं — डोकं फार स्वच्छ चाललं होतं. हेच मला पुढे छळत राहिलं. घाबरून काही बोलून गेले असं मला म्हणताच येत नाही.

कोल्ह्याला मारल्यावर पाटलांनी कुत्र्यांची चौकशी सुरू केली. पिसाळलेलं जनावर ज्याला चावलं त्याला ठेवायचं नाही, असा गावाचा रिवाज होता, आणि तो योग्यच होता. भुरीच्या तोंडाला रक्त होतं, कोल्ह्याचं. सोमीबाई मोहाची टोपली टाकून धावत आली. म्हणाली, मी हिला बांधून ठेवते, लक्ष ठेवते, काही दिवस थांबा. पाटील थांबले असते. भले माणूस होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुमी पाह्यलं. इले चावला का?"

मी हो म्हटलं. तोंडाला चावला म्हटलं. आणि लाल्या सकाळपासून घरातच आहे, असंही न विचारता सांगितलं.

नाकेदाराची बायको खोटं कशाला बोलेल? भुरीला नाल्यापलीकडे नेऊन मारायचं ठरलं. पण ती कोणाच्या हाती लागेना. शेवटी सोमीबाईलाच तिला हाक मारावी लागली. दुसऱ्या कोणाच्या हाकेला ती आली नसती. शेपटी हलवत आली. मी दार लावून घेतलं.

त्यानंतर महिना-सव्वा महिना गेला. लाल्याचा कान भरून आला. कान काट्यात अडकला म्हणून सांगितलं. कोल्हा कदाचित पिसाळलेला नसेलच, असं मी मनाशी म्हणायची. पण सुमनला मी त्याच्याजवळ जाऊ देत नव्हते. म्हणजे मला माहीत होतं. रोज माहीत होतं.

उन्हाळा पेटला आणि एक दिवस लाल्यानं पाणी सोडलं. आवाज घोगरा झाला. मी त्याला मागच्या अंगणात बांधलं आणि सुमनला ओसरीवरच बसवून ठेवू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सोमीबाई पानांच्या द्रोणात सुमनसाठी चाराची — चारोळीच्या झाडाची — पिकली फळं घेऊन मागच्या वाटेनं आली. तिचा आवाज ऐकून सुमन ओसरीवरून घरातून दुडुदुडु मागं धावली. लाल्या उसळला. साखळी मला वाटलं त्यापेक्षा लांब होती. सोमीबाईनं मध्ये हात घातला. उजवा हात. लाल्यानं तो तळव्यापासून बोटांपर्यंत फोडला. तो सोडवून घेतल्यावर तिचं पहिलं बोलणं काय होतं? पोरीला आत न्यायला सांगितलं मला.

तिनं जखमेत चुना भरला, हळद लावली. उन्हाचा कुत्रा चिडला असेल, असं सगळे म्हणाले. घरचा पाळलेला कुत्रा, त्याला काय होणार? खरं मला एकटीला माहीत होतं. मी बोलले तर सोमीबाईला वेळेवर दवाखान्यात नेता येणार होतं. नाही बोलले तर काय होणार, तेही माहीत होतं. आणि तरी — त्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत मी गप्प राहिले. भात शिजवला. धुणं धुतलं. सोमीबाईचा हात सुजलेला बघून आले आणि पुन्हा भात शिजवला.

संध्याकाळी हे फिरतीवरून आले. तोवर लाल्या मेला होता. तेव्हा मी तोंड उघडलं. पण काय सांगितलं? मला वाटतं, भुरीला मारायच्या आधी तिनं लाल्याला चावलं असावं, मला नंतर आठवलं. मेलेल्या कुत्रीवर मी दुसऱ्यांदा आळ घातला. सोमीबाई तिथंच ओसरीवर हात धरून बसली होती. तिनं ते ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं फक्त.

यजमान साधे माणूस. त्यांनी पहाटे गाडी जुंपली आणि मला सोमीबाईबरोबर पाठवलं. वडसा, तिथून लहान गाडीनं चांदा. चौदा इंजेक्शनं, रोज एक, पोटात. माझ्या एका लांबच्या नणंदेकडे आम्ही राहिलो. सोमीबाईचं पोट दगडासारखं व्हायचं. मी फडकं गरम करून शेकायची. ती कण्हायची नाही, उलट सुमनला हसवायची. आगगाडी पहिल्यांदाच बघितली होती तिनं. एवढं लोखंड खातं काय, असं विचारायची.

परत येताना, नागभीड स्टेशन मागे पडल्यावर, ती खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "बाई, मातीत घालाच्या आधी मी भुरीले धुतली होती. तिले कुठीच दात लागला नव्हता."

डब्यात माणसं होती, पण आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी बोलू शकत होते. सुमनचं टोपरं नीट केलं मी. थोड्या वेळानं तीच पुन्हा म्हणाली, "तुमी मले दवाखान्यात आणलं, ते बरं केलं."

त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. गावात कोणाला सांगितलं नाही. आम्ही त्या गावात आणखी सात वर्षं होतो, आणि सात वर्षं माझ्या दारी तिचे द्रोण येत राहिले — तेंदूची टेंभरं, चाराची फळं, कधी मध. वेगळा पेला मी काढून टाकला. त्यात मोठेपणा कसला?

मुलगा झाला तो भर पावसात. नाल्याला पूर, वडशाहून सुईण येणं शक्य नव्हतं. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. सोमीबाईनं तो सोडवला — त्याच उजव्या हातानं, ज्याची दोन बोटं कुत्रा चावल्यापासून पुरती मिटत नव्हती. बाळ रडेना, तेव्हा तिनं त्याच्या तळपायांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, तोंडानं काहीतरी गोंडीत पुटपुटत राहिली. ते रडलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघून हसून मान हलवली. माझा मुलगा आज साठीच्या पलीकडे आहे. त्याला बघितलं की मला तिचा हात दिसतो, आणि मन इतकं भरून येतं की काय सांगू. माझ्या दोन्ही लेकरांचे श्वास हे तिचं देणं आहे. एवढं कोणी कोणाला देतं का? आणि तेही सगळं माहीत असताना?

बदलीचा हुकूम आला त्या दिवशी ती नाल्यापर्यंत गाडीबरोबर चालत आली. यजमान पुढे बैलांशी होते. मुलं सामानावर झोपली होती. आम्ही दोघी मागे. ती सावकाश चालत होती, मुद्दाम सावकाश, असं मला आजही वाटतं. वाट बरीच लांब होती. मी तिला औषधपाण्याचं विचारलं, छपराचं विचारलं, यंदा मोह कसा पडेल ते विचारलं.

नाल्याशी ती थांबली. म्हणाली, "नव्या गावचं पानी पोराले उकळून देजा."

मी हो म्हटलं, आणि गाडीत चढले.